चारशे ग्रॅम

गगनबावड्याला गाडी पंचवीस मिनिटं थांबते.
जगदाळे ड्रायव्हर चहाला उतरतात,
मी तिकिटाचं मशीन बाजूला ठेवते
आणि पिशवीतून सुया काढते.
दोन सुलट, दोन उलट.
दाराशी धुकं येऊन उभं राहतं
सुट्टे नसलेल्या पाशिंजरासारखं.

लोकर घेतली महाद्वार रोडच्या आतल्या बोळात.
छाती छत्तीस, खांदा सतरा, दंड चौदा.
दुकानदार म्हणाला, "पोरगा कितवीला?"
"पोरगी," म्हटलं. "अकरावीला."
मग तो काही बोलला नाही,
गुंडे काट्यावर टाकत गेला.
आठ गुंडे, चारशे ग्रॅम, जांभळा.
वैजूनं काळा सांगितला होता,
मळ दिसत नाही म्हणून.

तयार कपडे तिला कधी बसलेच नाहीत.
खांद्याला बसलं की कमरेला पोतं,
कमरेला बसलं की बगलेत टर्रकन.
राजारामपुरीत एक विक्रेती म्हणाली,
"ताई, जेन्ट्समधलं दाखवू का?"
वैजू हसली.
मी नाही हसले.
त्या रात्री कपाटावरचा डबा काढला.
दहा नंबरच्या सुया, एकीचं टोक वाकडं,
तिच्या बारशाचं टोपरं ह्यांच्यावरच झालेलं.
टोपरं माझ्या मुठीवर बसायचं.
आता मानेला टेप लावली
तर म्हणते, "आई, गुदगुल्या!"

तालमीतून येते ती भुवयांत लाल माती घेऊन.
डावा कान सुजला तेव्हा
मी मऊ लोकरीची कानपट्टी विणली.
ती तिनं मांजराला घातली.
"कान मोडल्याबिगर पैलवान कोण म्हणतंय?"

बाही तीनदा उसवली.
मी मनगटापर्यंत पोचेस्तोवर
दंड पुढं गेलेला असायचा.
उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही,
जुने टाके आठवत वेटोळी होऊन बसते.
भाताच्या वाफेवर धरली,
तेव्हा कुठं आली वळणावर.

दसऱ्याला धरलेला स्वेटर होळीला पुरा झाला.
कुरणेवहिनी म्हणाल्या, "आता? कोल्हापुरात?"
मलाही पटलं.
डांबरगोळ्या टाकून ट्रंकेत ठेवला.

मे महिना, दुपारचे दोन.
रंकाळा स्टँडवरून गाडी नुकती सुटलेली,
खिडकीतली बाई ओरडली,
"अगं बया, ही बघा येडी, उन्हात स्वेटर!"
तळ्याच्या कडेनं पळत होती वैजू,
अंगात जांभळा, त्यावर माझा जुना रेनकोट,
तोंड टोमॅटोसारखं.
मी बाईला विचारलं, "कुठं जायचं?"
"कळे."
कळ्याचं एक काढून दिलं.

रात्री भाकरीला हात लावेना.
"उद्या वजन हाय. त्रेपन्नात बसायचंय,
चारशे ग्रॅम जास्त भरलंय.
ह्याच्यासारखा घाम कशात येत न्हाई, आई.
लई भारी विणलायस!"
मी थंडीसाठी विणला होता.
हे तिला सांगितलं नाही.
ताटातली भाकरी परत दुरडीत ठेवली.

सकाळी काट्याजवळ तिनं तो ओढून काढला,
न बघताच माझ्याकडं फेकला.
लाल आकडे लपलपले,
त्रेपन्नावर येऊन थांबले.
मी दोन्ही हातांनी स्वेटर धरून उभी.
विणताना आठ महिने मांडीवर होता,
इतका जड कधी लागला नव्हता.

कुस्ती बघायला थांबता आलं नाही, ड्यूटी होती.
ड्रायव्हरच्या मागच्या दांडीवर तो वाळत घातला.
जगदाळे आरशातून बघत राहिले,
काही म्हणाले नाहीत.
गगनबावड्याला पोचलो तेव्हा सुकला होता,
पाठीवर मिठाची पांढरी रेघ,
उजव्या खांद्याला एक घर सुटलेलं.

वाकड्या टोकाची सुई घातली, घर उचललं.
फोन अजून आला नव्हता.
पंचवीसातली अकरा मिनिटं उरली होती.