कान

हॅलिफॅक्समधल्या जुन्या गालिच्यांच्या गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
नोव्हेंबर. चार वाजताच काळोख.
सकाळपासून वाद एकच:
नवं पत्र उघडलं तर त्याचा टॅब
चालू टॅबच्या शेजारी, की रांगेच्या शेवटी?
डंकन म्हणतो, शेवटी. रांग म्हणजे रांग.
मी म्हणते, शेजारी. आमच्यात म्हणतात,
कानामागून आली आणि तिखट झाली –
हे त्याला समजावता समजावता
चहा गार.

मग चाचणीला आल्या मिसेस अ‍ॅक्रॉइड.
वकिलाच्या कचेरीत एकतीस वर्षं टायपिंग.
मी वीस कागद उघडून दिले.
टॅब आक्रसत गेले, नावं तुटली:
मृत्युप… मृत्युप… मृत्युप…
त्यांनी चष्मा वर सरकवला.
"कुणाचं?"

एक बंद केला तर पुढचा
सरकून नेमका बोटाखाली आला,
फुलीसकट.
दुसऱ्या टिचकीत तोही गेला.

त्या चिडल्या नाहीत.
हवेतच चिमटीत काहीतरी धरलं,
पुठ्ठ्याच्या फायलीचा कान.
"जी रोज लागायची ना, तिचा मळायचा.
वाचावं लागत नसे."

त्या गेल्यावर डंकननं फळ्यावरची रांग
बाहीनंच पुसली.
मी नव्या आराखड्यात
एका टॅबच्या कोपऱ्याला
अंगठ्याएवढा डाग काढला.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला,
"बरं. रंगाचा क्रमांक सांग."