सातच्या पोटातली रेघ

आल्तिन्योच्या चढावरच्या त्या बंगल्याला पाटी नाही.
खिडक्या लावलेल्या, पंखा दोनवर,
टेबलावर चार लिफाफे, चार शिक्क्यांचे.
मला बजावलं होतं: बेरीज बघा, नावं बघू नका.
गुप्त निधीचा हिशेब तपासताना
रुपयाला विचारता येतं, कुठे गेला होतास.
माणसाला नाही.

दिल्लीहून आलेले दास्ताने, समन्वयाचे,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"चारही खाती एका खोलीत, हे पहिल्यांदाच.
यांची दारं शेजारशेजारची,
पण एकाने दुसऱ्याकडे चहा घेतलेला नाही."
मी हसले. पावत्या उघडल्या.

नौदलाचा माणूस 'माड'. महिना सतराशे.
कस्टमचा 'कालव'. सातशे सत्तर, शिवाय होडीभाडं.
तिसऱ्यांचा 'घंटा'.
चौथ्यांनी नाव दिलंच नव्हतं, नुसता क्रमांक.
सह्या चार तऱ्हांच्या: एक तिरकी, एक ठसठशीत,
एक नुसता फराटा, एक अंगठा.
अंगठेबहाद्दराने रक्कम मात्र स्वतः लिहिलेली.

आणि सात.
चारही ठिकाणी त्याच्या पोटातून आडवी रेघ,
डावीकडे किंचित उतरती.

हा सात मी ओळखते.
बाबा डिचोलीला पोर्तुगीजांच्या शाळेत चार बुकं शिकले.
मास्तरांनी छडी मारून शिकवला,
एकासारखा दिसू नये म्हणून.
राज्य गेलं, नोटा बदलल्या,
बाबा दूधवाल्याच्या वहीत शेवटपर्यंत
सातला दावं बांधत राहिले,
जणू सोडला तर पळून जाईल.

असे म्हातारे गोव्यात हजार असतील.
पण चारही रेघांना एकच उतार, एकच जांभळी शाई,
जहाजाला कांदे-अंडी पोचवल्याच्या यादीवर असते ती.

खाली पाचवा कागद होता. तो माझ्यासाठी नव्हता.
'माहितीस चार स्वतंत्र सूत्रांकडून पुष्टी.'
त्या ओळीच्या जोरावर बैरा बंदरात
एका जहाजावरून दुसऱ्या इंजिनियरला उतरवलं.
अकरा महिने झाले.
आता तो कुठे आहे, याला रकाना नाही.

वास्कोच्या त्या माणसाला मी मनात कायतान म्हणते.
खारेवाड्यावर कुठल्याशा दारूच्या गुत्त्यात
खलाशांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असेल.
सोमवारी एका दारात सांगितलं, बुधवारी दुसऱ्या.
खोटं तो कुणाशीच बोलला नसेल.
एका कोंबड्याने चार वाड्यांत बांग दिली,
आणि चारही वाड्यांनी एकमेकांना विचारून खात्री केली
की उजाडलं.

मी टिपण लिहिलं, दीड ओळ:
चारही पावत्यांवरील हस्ताक्षर एकाच व्यक्तीचे असावे.
दास्तान्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.
पंखा तेवढा किरकिरत होता.
"बेरीज जुळते?"
"जुळते."
"मग तुमचं काम झालं, बाई."
टिपण त्यांनी फाडलं नाही. फाइलला लावलंही नाही.
घडी घालून खिशात ठेवलं,
घरून आलेलं पत्र ठेवावं तसं.
मग दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता,
"सात कसा ओळखलात?"
मी सांगितलं. ते काहीतरी बोलणार होते.
खाली गाडीचा हॉर्न वाजला.

प्रमाणपत्र छापील होतं.
'खर्च योग्य कारणासाठी झाल्याची खात्री आहे.'
कोणाची खात्री, ते छापलेलं नाही.
मी सही केली. हो, केली.
पेन्शनला सहा वर्षं होती, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन होतं,
आणि बेरीज खरंच जुळत होती.

तारीख घातली: सत्तावीस, सात, सत्त्याण्णव.
मी जन्मात कधी सातला रेघ मारत नाही.
त्या दिवशी तिन्ही सातांना मारली,
डावीकडे किंचित उतरती.

पुढे कधी कोणी तो कागद उघडला
तर त्याला दिसेल, इथे कुणाला तरी कळलं होतं.
किंवा मोजून लिहील:
सूत्रे पाच.