पेल्यातलं पाणी

दुपारी झाड मान टाकायचं, संध्याकाळी सावरायचं.
"ऊन लागलं असेल," शेजारची गाथोनी म्हणाली.
पण किनांगोपच्या पठारावर ऊन ते कसलं!
डोंगरावरून उतरलेलं धुकं
दहा वाजेपर्यंत मेंढ्यांच्या लोकरीत अडकून असतं.

करप्याची आमची जुनी ओळख.
तो पानावर सही करून येतो :
काळा डाग, खालून पांढरी कड.
पाठीवर पंप, खांद्याला पट्ट्याचा वळ,
त्याच्याशी भांडता तरी येतं.
हे निराळं होतं.
पान हिरवंच, आणि झाड गेलेलं.

चौथ्या दिवशी एक झाड उपटलं,
बुडाजवळ बोटभर खोड कापलं,
काचेच्या पेल्यात निवळ पाणी घेतलं
आणि तुकडा नुसता टेकवून धरला.
सासरे, मुचेमी, स्टूल ओढून बसले.
चुलीवर चहा उतू गेला, कोणी उठलं नाही.
मग खोडातून एक धागा निघाला,
दुधाळ, सरळ, खाली खाली,
कसलीच घाई नसल्यासारखा.

मुचेमींनी डोक्यावरची टोपी काढली.

बियाणं कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही.
मार्चमध्ये माझी धाकटी बहीण वाचुका
मोटरसायकलवर दोन पोती बांधून आली होती.
मुठीएवढे बटाटे, कोंब फुटलेले, एकेक निवडलेला.
"विकत कशाला घेतेस? माझे आहेत ना!"
वर एक कोंबडी.
आणि मी बसून ते कापले,
फोडीला दोन-दोन डोळे राखत,
पोतं संपेपर्यंत त्याच एका सुरीने,
मध्ये एकदाही ती न पुसता.

आता झाडं मातीसकट पोत्यात भरायची.
वरच्या अंगाला चर, खालच्या अंगाला चर,
आमचं पाणी गाथोनीच्या रानात जाता कामा नये.
बांधावर बूट धुवायचे, कुदळ धुवायची.
चार वर्षं बटाटा नाही, टोमॅटोही नाही.
मका. कांदा. वाटाणा.
"चार," मुचेमी बोटं मोजतात.
एकोणऐंशीचे आहेत.
"वाटाणा बरा. दात लागत नाहीत."

रात्री फोन लावला.
वाचुकाने आधी तेच विचारलं :
"कसे आलेत माझे बटाटे?"
कोंबडी अंगणात अजून जागी होती.
मी म्हटलं, "एक पेला घे. काचेचा.
आणि तुझ्या रानातलं एक झाड,
दुपारी मान टाकतं ते."

तिने फोन टेबलावर ठेवला.
पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला.
मी कानाला फोन धरून उभी राहिले.