खांब क्रमांक चारशे बारा

नोंदवहीत माझंच अक्षर आहे:
खांब क्र. ४१२, सिडको, पाचवी स्कीम, मागची गल्ली.
दिवा बंद. तक्रार एका बाईची, तीनदा.
शेरा: साहित्य उपलब्ध नाही.
खाली माझी सही, घाईतली, पण वाचता येण्याजोगी.

एकोणिसाव्या रात्री
त्याच खांबाखाली प्रणित खैरनारला गोळी लागली.
गावठी कट्टा. वाढदिवसाचा बॅनर.
कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, एवढंच कारण.
पंचनाम्यात लिहिलंय, घटनास्थळी पुरेसा उजेड नव्हता.
वाक्यात कर्ता नाही.
कर्ता मी.

गोळी मी झाडली नाही, हे मला कळतं.
बायकोही तेच म्हणाली, पोळी लाटता लाटता, मान वर न करता.
पण अंधार काही आभाळातून पडत नाही गल्लीत.
तो मंजूर होतो,
या टेबलावरून त्या टेबलावर जातो,
त्याला जावक क्रमांक पडतो.

दुसऱ्या दिवशी साहित्य उपलब्ध झालं.
शिडी लावून वर चढलो तर
खाली पोलिसांच्या खडूची रेघ
आणि तिच्यावरून घंटागाडी गेलेली, रोजचं गाणं लावून.

अहिरे मॅडमनी मग शहराचा नकाशा मागवला.
दोन वर्षांत जिथे जिथे कट्टा निघाला तिथे लाल टाचणी.
बंद दिव्यांच्या यादीवरून मी निळ्या टोचत गेलो.
टोचता टोचता बोट थांबलं,
निळीला जागाच उरली नव्हती लालच्या शेजारी.
शिपाई चहा ठेवायला आला, तसाच उभा राहिला.

पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही, इतकं बारीक.
दिवा गेला की ठेकेदाराला अठ्ठेचाळीस तास, नाहीतर दंड.
बंद कंपनीमागच्या भूखंडावरचं गवत कापलं,
आत एक कॅरम निघाला, कोपरा जळालेला,
आणि तीन रिकाम्या पुंगळ्या.
अभ्यासिका रात्री एकपर्यंत उघडी.
बिनपरवाना बॅनर नकोत, हे आधीही होतंच कागदावर,
आता पहाटे शिडी घेऊन मीच उतरवतो.
पहिल्या दिवशी भाईच्या गॉगलवर चाकू चालवताना
माझा हात थरथरला.

आणि दिगा सोनकांबळे.
नाशिकरोडच्या जेलात सहा वर्षं काढलेला.
गोळी सुटण्याआधी मध्ये जाऊन बसणारा माणूस,
असं पद संगणक घेईना.
शेवटी लिहिलं: आरोग्य स्वयंसेवक, डेंग्यू.
मानधन तीन महिने उशिरा.

तो सिव्हिलमध्ये प्रणितच्या खाटेशी सात रात्री बसला.
येईल त्या मित्राच्या हातात केळं द्यायचा.
सोल, म्हणायचा, हात रिकामे ठेवू नका रे.
थोरल्या भावाच्या कमरेला काय आहे ते त्याने पाहिलं
आणि विचारलं फक्त, जेवलास का?
चौथ्या रात्री भाऊ रडला म्हणे, जिन्यात.
पाचव्या रात्री कमरेला काही नव्हतं.
कुठे टाकलं, ते दिगाने विचारलं नाही.
त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं,
एवढंच मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा एक. पेठ रोडला.
मी स्वतः जाऊन पाहिलं,
दिवा चालू होता.
लख्ख चालू होता.
परत येताना सगळा रस्ता मला काही सुचलं नाही.

तीनदा तक्रार केलेली बाई म्हणजे प्रणितची आई.
अजूनही फोन करते.
काल म्हणाली, अहो वायरमन,
दुपारचे दोन वाजलेत आणि तुमचा चारशे बारा जळतोय,
बिल कोण भरणार?
मागून प्रणितच्या काठीचा आवाज येत होता, टक, टक, फरशीवर.

येतो, म्हणालो.
शिडी काढली.
शेरा: समक्ष पाहिले.
सही, या वेळी सावकाश.