पंचवीस मिलिमीटर

खोक्यावर छापलंय ते वाचू नकोस, लिओनी.
सहाशे पंचाहत्तर पट म्हणे!
एवढं वाढवून तर आपला पाद्रीही
पाप सांगत नाही.

इकडे ये, दिव्याखाली.
मेंढीचं कातडं अंथर, त्यावर मांड एकेक.
सांडलं तर वाळूत जाईल,
आणि कारूची वाळू घेतलेलं परत देत नाही.

हा चार मिलिमीटरचा आयपीस.
सुईच्या नेढ्यातून लग्न बघायचंय का तुला?
जाऊ दे बिस्किटांच्या डब्यात.
ही तिप्पट करणारी बार्लो, प्लास्टिकची.
धूसरपणा तिप्पट करते, बाकी काही नाही.
तीही डब्यात.

हा घे. पंचवीसचा.
दिसायला गबाळा, पण काच बघ, केवढी रुंद,
तुझ्या आत्याच्या खानावळीच्या खिडकीसारखी.
अख्खा रस्ता दिसतो तिच्यातून,
आणि कोण कोणाकडे चाललंय तेही.
नऊशेला पंचवीसने भाग.
छत्तीस. बरोबर.
छत्तीस पट पुष्कळ झाली,
चंद्र अख्खा मावून काठाला अंधार उरेल.
दहाचा असू दे खिशात, शनी वर आला की काढू.
आतल्या खिशात गं, अंगाशी.
गार काचेवर श्वास पडला
की पाच मिनिटं वाया.

आणि हे काय?
ही काळी चकती? ‘सूर्यासाठी’?

हातोडी दे.
विचारू नकोस. दे.

तुझ्याएवढाच होतो मी.
बापाने मळेवाल्याचा पवनपंप दुरुस्त केला,
मजुरीत जुनी दुर्बीण मिळाली, तिला असलीच चकती.
भर दुपारी बघत होतो. टक् झालं.
एवढाच आवाज.
दुखलं नाही, तेच वाईट, दुखत नाही.
तेव्हापासून डाव्या डोळ्याच्या मधोमध
एक राखाडी नाणं आहे.
उजवा मिटून तुझ्याकडे बघितलं
की तुला नाक नसतं.
हस, हस.
पण आधी तुकडे वेचू, मेंढ्यांच्या खुरात जातील.

लोकर कातून पैसे साठवलेस म्हणतेस?
मग शहरातून रंगीत काचा मागवू नकोस,
मखमलीच्या अस्तराची पेटी तर मुळीच नको.
एक स्टूल घे.
बसलेला डोळा उभ्या डोळ्यापेक्षा जास्त बघतो.
टॉर्चला चॉकलेटचा लाल कागद, दोन पदरी.
तिवईला कांद्याच्या जाळीत वीट टांग,
नाहीतर वारा सुटला की गुरू
पाळण्यातल्या पोरासारखा हलतो.
उरल्या पैशांत नकाशा
आणि मोजे. जाड मोजे.
या फ्लोर्स यान्कीसने अर्धं आकाश
पाय गारठले म्हणून सोडलंय.

आता दिवा मालव.
थांब.
अजून थांब, डोळ्यांना अंधार पिऊ दे.
तोवर पंपाची कुरकुर ऐक,
उद्या तेल घालायला हवं.

तो त्रिशंकू, उंचावर, नीट उभा.
उत्तरेकडचे लोक त्याला क्षितिजाशी
वाकून वाकून शोधतात म्हणे.
त्याच्या शेजारी नरतुरंगात
एक ठिपका आहे, पुसलेल्या खडूसारखा.
तिकडे नळी वळव. हळू.
आता बघ.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय,
आणि डाव्याचं तुला सांगितलंच.
मला त्याची कड तेवढी दिसते.
नाण्याच्या मागे काय आहे, ते तू सांग.
मीठ सांडल्यासारखं?
मधे दाट, कडेला सुटं?
असंच होतं. असंच होतं तेव्हाही.

काय? गेलं?
ते कुठे जातंय गं,
आपण गेलो.
मेंढ्या, पंप, आत्याची खिडकी,
सगळे मिळून थोडे पुढे सरकलो.
दांडी जरा फिरव.

आलं ना?
मग गप्प का?

बरं. राहा गप्प.

फक्त एवढं सांग,
झाकण कुठे ठेवलंस?