दिवसभराची नाव

सोमवारी बाजार बंद, म्हणून सोमवार ठरला.
बाराशे रुपये दिवसाचे, जेवण आपलं आपण.
तातोबा आंबी म्हणाला, "बसा की. पर मधोमध.
आन् उठायचं न्हाई अजिबात."
रेहानानं सलवार घोट्याच्या वर धरली,
घाटाच्या शेवटच्या पायरीवर थांबून नावेच्या कडेला हात लावला,
मग तोच हात कपाळाला.
"हीच ना गं?"
मी म्हटलं, "असेल. हिरवी होती, एवढं आठवतंय."

मार्गशीर्षातली पंचगंगा. खाली बावड्याला बरगे घातलेत,
त्यामुळं पाण्याला कुठं निघालोय याची घाई नाही.
वल्हं उठतं, पडतं, मधल्या वेळात
थेंब मोजता येतात.
मी अकरा मोजले. मग विसरले.

पुलाखालून गेलो. वरून एसटी गेली,
कमानीत आवाज आला जात्यात जोंधळा पडावा तसा.
रेहाना वर बघत राहिली, मान अवघडेपर्यंत.
"त्या दिवशी आपण ह्याच्या खालनं आलेलो?"
"न्हाई ओ. तुमी सुतारवाड्यातनं. नदीत कोण घालतंय नाव त्या पाण्यात?"

खरं आहे. त्या दिवशी मी नदी बघितलीच नव्हती.
मांडीवर पिकोच्या मशीनचं मुंडकं,
त्याच्यावर हनुवटी,
आणि नावेच्या खाली, तीन हात खाली,
माझंच दुकान. कुलूप लावलेलं.
किल्ली कमरेला होती.

आज बघते.
ऊस दोन्हीकडं, तुऱ्याला आलेला.
म्हैस धुता धुता फोनवर भांडणारं पोरगं,
त्याच्यापेक्षा म्हैस शहाणी दिसते.
मोटारीच्या पाइपावर खंड्या,
आम्ही जवळ आलो तरी हलला नाही,
नंतर उगाचच हलला.
आणि बाभळीच्या पार शेंड्याला, कुणाचा हात पोचणार नाही तिथं,
एक लांबडी चिंधी.
"जॉर्जेट," रेहाना म्हणाली.
लांबून कापड ओळखते ती. "आणि फॉल लावलेला नव्हता."

करंजाखाली नाव बांधली. भाकरी, खर्डा, वर भडंग.
तातोबानं आधी नको म्हटलं,
मग चौथी भाकरी मोडताना विचारलं, "खर्डा कुणाचा?"
तिचा. तिच्यात लसूण जास्त असतो, मी नेहमी सांगते.
आज नाही सांगितलं.

बंधारा आला. पाणी बरग्यांच्या फटींतून
पलीकडं पडत होतं, आणि पडल्यावर
एकदम शहाणं झाल्यासारखं पळत होतं.
"पुढं?"
"पुढं नाव जात न्हाई. उचलून न्यायला चार गडी लागत्यात."
आम्ही दोघी आणि तो. आम्ही गडी मोजले, हसलो,
आणि तरी थोडा वेळ तिथंच तरंगत राहिलो,
पलीकडच्या पाण्याकडं बघत,
बस चुकलेली माणसं बघतात तसं.

परतताना रेहानानं वल्हं मागितलं.
नाव जागच्या जागी गोल फिरली, दोनदा,
घाट, ऊस, चिमणी, घाट, ऊस, चिमणी.
मग तिनंच विचारलं, "तातोबा, आम्हाला काढलं ती हीच ना?"
"ही? ही गेल्या साली केली. नवी हाय.
ती वडणग्याला, पावण्यांच्या गोठ्यावर पालथी घातलीया.
कोंबड्या बसत्यात वर."
वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.
"आन् आमी? आठवतो का आमी?"
"दिसाला साठ-सत्तर खेपा व्हत्या, ताई.
समदी भिजल्यालीच."

रेहाना मला म्हणाली, हळू,
"मग सकाळी मी सलाम कुणाला केला?"
मला काय माहीत.
घाटावर दिवे लागत होते. तातोबानं बाराशे मोजले, दोनदा,
शंभराची एक फाटकी निघाली ती बदलून मागितली.

मंगळवारी तीन ब्लाऊज द्यायचे होते.
पायडलवर पाय ठेवला,
तर फरशी जराशी डावीकडं गेली.