शेरा

घोडके काकांनी वही आणून दिली त्या सकाळी
मी नाइट करून आले होते, पायात अजून वॉर्डाच्या चपला.
दोनशे पानी, खाकी कव्हर.
"सिस्टर, सांगून सांगून दमलो. आता लेखी."

बत्तीस वर्षं अंबाजोगाई डेपोत वाहतूक नियंत्रक.
गाड्या मिनिटावर लिहिणाऱ्या त्या हाताला
रिटायर झाल्यावर माझा शाळू सापडला
(रंग शाळूच्या कणसासारखा, म्हणून शाळू).
पानभर पट्टीनं आखलेले रकाने :
अनुक्रम, वेळ, किती मिनिटं, शेरा.

५.५० – चार मिनिटं – नळ आला, बायांच्या घागरी.
७.२० – दोन मिनिटं – शाळेचा ऑटो.
९.०५ – सहा मिनिटं – भंगारवाला. याच्यावर मीसुद्धा भुंकलो असतो.
११ ते १.४० – थांबून थांबून – कारण दिसत नाही.
पान उलटलं. कारण दिसत नाही.
पुन्हा उलटलं.

तोवर माझे सगळे उपाय करून झालेले.
मी ओरडायची, "गऽप!"
त्याला वाटायचं, चला, ही पण आली मदतीला.
शेजारच्या उत्राबाई म्हणाल्या, नजर लागली, काळा दोरा बांध.
कुणी म्हणालं, लातूरला पट्टा मिळतो,
भुंकलं की गळ्यात झटका.
तो पट्टा मी डोळ्यांसमोर आणला
आणि माझा वॉर्ड आठवला.
रात्री कण्हणाऱ्या माणसाला
आम्ही गप बस म्हणत नाही,
आधी विचारतो, कुठं दुखायलंय?

मग ती तक्रारीची वही
मी तापाच्या तक्त्यासारखी वाचली.
अकरा ते पावणेदोन : माझी सकाळची ड्यूटी,
आणि तो जिन्याखाली, हातभर साखळीवर,
ऐकू सगळं येतं, दिसत काहीच नाही.
तुम्हीच सांगा,
कडी वाजते, पावलं येतात, जातात, कुणी सांगत नाही कोण होतं.

साखळी काढली. मागं कडुनिंबाखाली लांब दोरी.
फाटकाच्या जाळीला पोतं शिवलं.
ड्यूटीआधी खडकाळ माळावर एक चक्कर,
त्याला हुंगायचं तेवढं हुंगू दिलं, घाई माझी, नाक त्याचं.
निघताना करवंटीत दह्यात कुस्करलेली भाकरी, घट्ट दाबून;
तासभर जीभ कामाला.
आणि भुंकता भुंकता श्वास घ्यायला थांबला
की त्याच फटीत एक ज्वारीची लाही. शाब्बास.
ती फट आधी मोहरीएवढी होती.
पोळ्यापर्यंत तिच्यात एक अख्खी दुपार मावायला लागली.

राहिली एकच नोंद.
रात्री २.२० – तीन मिनिटं – कारण दिसत नाही.
रोज. एक दिवस चुकला नाही.

सुटीच्या रात्री मी खिडकीत बसून राहिले.
दोन वीसला पलीकडची कडी सरकली.
बनियनवर काका, हातात बॅटरी,
फाटकापर्यंत आले, खाकरले, रस्त्याकडे बघत उभे.
रातराणी यायची वेळ.
डेपो सुटला, पण अंगातली गाडी अजून त्याच वेळेला लागते.
शाळू उठला, भुंकला.
काकांनी बॅटरीच्या उजेडात घड्याळ पाहिलं,
वहीत लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
नेहमीचे तीन शब्द.

मी बोलले नाही काही.
दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत मूठभर लाह्या दिल्या.
"रात्री भुंकला तर एक टाका.
पण गप झाल्यावर. आधी नाही."
"लाच व्हय?"
"सिग्नल समजा."
काका बराच वेळ पुडीकडं बघत राहिले.
त्यांना कळलं असावं. किंवा नसेलही.

वही अजून चालू आहे.
परवा दाखवायला घेऊन आले, बोट ठेवून :
२.२० – शून्य मिनिटं – शेपूट हलवली. गाडी वेळेवर.

९.०५ चं मात्र काही जमत नाही.
भंगारवाला आला की
दोघंही फाटकाशी असतात.